‘सिंगल एंडेड म्हटलं की हमिंग असतेच’ : पाच वॅटच्या ट्यूब अँप किटचं परीक्षण

किट विकणाऱ्यांना मी हमिंगची, म्हणजे काही न वाजवताही येणाऱ्या घरघरीची, तक्रार कळवली होती; त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. एकच ओळ होती : ‘सिंगल एंडेड सर्किटमध्ये थोडी हमिंग असतेच, काळजी नसावी.’ त्या वेळी माझ्या अँपला (किटमधून जोडलेल्या गिटारच्या अँप्लिफायरला) गिटार जोडलेली नव्हती, आवाजाचं बटण शून्यावर होतं आणि स्पीकरच्या दोन टोकांवर मीटर २४० मिलिव्होल्ट दाखवत होता. ती घरघर भिंतीपलीकडच्या खोलीत बसून ऐकू येत होती. आज तेच ट्रान्सफॉर्मर आहेत, त्याच ट्यूब आहेत, तोच स्पीकर आहे आणि मीटर ७ दाखवतो. म्हणजे त्यांचं म्हणणं सात मिलिव्होल्टांपुरतं खरं होतं. उरलेल्या २३३ चा हिशोब खाली देते.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. याच सर्किटची किटं बरेच जण विकतात आणि माझ्या निम्म्या तक्रारी त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडतील असा मला दाट संशय आहे. सर्किट म्हणजे फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या ‘चॅम्प’चं, ५एफ१ नावाने ओळखलं जाणारं. सुरुवातीला एक १२एएक्स७ ट्यूब, शेवटी एकच ६व्ही६ (म्हणूनच ‘सिंगल एंडेड’) आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर म्हणून ५वाय३. ट्यूब अँपमध्ये याहून साधं काही सापडणं कठीण, म्हणून नवशिक्यांना हेच सुचवलं जातं. मीही त्यात नवशिकीच. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून तेवीस वर्षं मुलांनी जाळलेले मीटर दुरुस्त करतेय, त्यामुळे डाख लावायचा हात बसलेला आहे. पण साडेतीनशे व्होल्टच्या डीसीशी घरच्या टेबलावर संबंध आला तो पहिल्यांदाच. गिटार चाळिशीनंतर शिकले, बेताचीच वाजवते.

आधी चांगलं ते सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. पॉवर ट्रान्सफॉर्मर वजनदार, तीन तास चालवला तरी हात ठेवता येईल इतकाच तापतो. ट्यूबचे सॉकेट सिरॅमिकचे, ट्यूब घट्ट धरणारे. चॅसिसची भोकं नेमक्या जागी आहेत, एकही कानस मारून मोठं करावं लागलं नाही. आठ इंची स्पीकर साधा, पण गोड. रेझिस्टर मोजून पाहिले; एकही पाच टक्क्यांच्या बाहेर नव्हता. वायर मात्र कंजूषपणे दिली आहे आणि ज्या एका जागी शील्डेड (बाहेरून जाळीचं कवच असलेली) वायर हवी तिथे साधीच दिली आहे.

सूचनापुस्तिका चकचकीत कागदाची, रंगीत फोटोंची आणि दोन ठिकाणी सरळ चुकीची. पहिली चूक पहिल्याच संध्याकाळी कळली. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या गुंडाळीच्या) निळ्या आणि लाल तारा आकृतीत उलट्या दाखवल्या आहेत. या सर्किटमध्ये स्पीकरकडून एक तार २२ हजार ओहमच्या रेझिस्टरमधून मागे दुसऱ्या पायरीच्या, म्हणजे १२एएक्स७ च्या दुसऱ्या अर्ध्या भागाच्या, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) जाते. हा निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा परत आणून चुका दाबणं. ट्रान्सफॉर्मर उलटा जोडला की तो पॉझिटिव्ह होतो आणि अँप हम करायच्या भानगडीत न पडता थेट किंचाळतो. बंद केलं, दोन तारांची अदलाबदल केली, किंचाळणं थांबलं. विषय संपला. दुसरी चूक शोधायला मात्र तीन आठवडे गेले. तिच्याकडे येतेच.

पहिल्यांदा चालू करताना मी अँप थेट प्लगला लावला नाही. साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा दिवा सिरीजमध्ये असलेल्या बोर्डावर लावला. दिवा क्षणभर पेटून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. मग सरळ वीज. मीटर पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरवर (डीसीचा चढउतार गुळगुळीत करणाऱ्या) होता, आणि इथे मला घाम फुटला. पहिल्या काही सेकंदांत आकडा ४५८ पर्यंत चढला, मग ६व्ही६ तापून करंट ओढू लागली तसा उतरत ३४५ ला स्थिरावला. ५वाय३ ची तार थेट तापते, ६व्ही६ चा कॅथोड आतल्या हीटरच्या उष्णतेने हळूहळू तापतो. त्यामुळे दर वेळी सुरुवातीला पुरवठ्यावर लोडच नसतो आणि व्होल्टेज शेंड्याला जातं. किटमधले कॅपॅसिटर ४५० व्होल्टचे आहेत. दर वेळी चालू करताना काही सेकंद मर्यादेबाहेर, हे मला बिलकूल पटलेलं नाही. ५०० व्होल्टचे द्यायला त्यांना काय झालं होतं?

त्याच रागात सांगून टाकते, किटमध्ये ब्लीडर रेझिस्टर नाही. बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे व्हायची हमी नाही. विशेषतः तपासणीसाठी ६व्ही६ काढलेली असेल तर चार्ज बराच वेळ तसाच बसून राहतो आणि आपण निर्धास्तपणे हात घालतो. मी पहिल्या कॅपॅसिटरवर २२० हजार ओहमचा, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा लावला. मूळच्या १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचा चार्ज त्यातून अर्ध्या मिनिटात उतरतो. तरी हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच, आणि चालू अँपमध्ये काही करायचं तर एक हात खिशात. प्रयोगशाळेत हे मुलांना सांगून सांगून तोंड दुखलंय. घरी स्वतःला सांगावं लागलं.

तर, अँप चालू झाला, गिटार जोडली, आवाज आला आणि त्या आवाजाखाली कुणीतरी घोरत होतं.

माझा भाचा बेस वाजवतो. त्याला ट्यूबचं काही कळत नाही, पण कान तयार आहे. तो आला, दारातच थांबला आणि म्हणाला, “मावशी, तुझा अँप जी वाजवतोय. जरा चढा आहे.”

“जी कसला, हमिंग आहे ती.”

“हमिंग असेल, पण जी मध्ये आहे.” त्याने माझी अकूस्टिक गिटार उचलली, जाड तारेचा तिसरा फ्रेट दाबून छेडला आणि अँपसमोर धरला. दोन्ही आवाज मिळून हेलकावे ऐकू येऊ लागले, सेकंदाला साधारण दोन. तो सूर ९८ हर्ट्झचा असतो. दोन हेलकावे म्हणजे अँपचा आवाज १०० हर्ट्झचा. माझ्याकडे प्रयोगशाळेतला ऑसिलोस्कोप आणायचा बेत चालला होता, आणि यानं एका तारेवर काम भागवलं. (जिथे वीज ६० हर्ट्झची तिथे हाच आवाज १२० ला येईल, म्हणजे पाचव्या तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या मधोमध कुठेतरी.)

हा आकडा फार कामाचा. मेन्स, म्हणजे घरातली वीज, ५० ची. हीटरच्या तारांतून किंवा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून शिरणारी हमिंग ५० चीच असते. रेक्टिफायर मात्र लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून पुरवठ्यावरचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) दुप्पट, १०० चा. म्हणजे आपला चोर पुरवठ्याच्या बाजूला.

आवाजाचं बटण फिरवल्याने फरक पडत नव्हता, म्हणजे बिघाड बटणाच्या पुढे. अँप बंद करून १२एएक्स७ काढली आणि पुन्हा चालू केला. घरघर कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढली. मी चक्रावले. चहूबाजूंनी विचार केल्यावर उलगडलं : ती ट्यूब काढली की फीडबॅकची साखळीही तुटते, आणि तोवर फीडबॅक हमिंगलाही थोडं दाबून ठेवत होता. म्हणजे ट्यूब काढून आवाज वाढला तरी ट्यूब निर्दोषच. हे पुस्तिकेत कुठेही नाही. ‘१२एएक्स७ काढून बघा, हमिंग गेली तर ट्यूब बदला’ एवढंच आहे.

मग मीटर एसीवर ठेवून रिपल मोजला. पहिल्या कॅपॅसिटरवर ६.८ व्होल्ट. ऐकायला भयंकर वाटतं, पण ते बरोबर आहे. सुमारे ४५ मिलिअँप ओढायचे आणि साठवायला १६ मायक्रोफॅरड, तर १०० हर्ट्झला शेंड्यापासून तळापर्यंत ढोबळमानाने २८ व्होल्टपर्यंतचा चढउतार निघतो, प्रत्यक्षात थोडा कमी. मीटरवर तो सहा-सात दिसणार. त्यापुढे १० हजार ओहमचा रेझिस्टर आणि ८ मायक्रोफॅरडचा दुसरा कॅपॅसिटर. या कॅपॅसिटरचा रोध १०० हर्ट्झला जेमतेम २०० ओहम, म्हणजे इथे रिपल पन्नासपट घटून ०.१३ व्होल्टच्या आसपास यायला हवा. मीटर दाखवत होता ४.४. हा कॅपॅसिटर ६व्ही६ च्या स्क्रीनला (आतल्या एका जाळीला) पुरवठा करतो, आणि स्क्रीनवर चार व्होल्टचा रिपल म्हणजे ट्यूबच्या कानाशी बसून बोंब मारणं.

अँप चालू ठेवून, कोरड्या बांबूच्या लांब काडीने त्या कॅपॅसिटरचा पाय हलकेच दाबला. घरघर बंद. काडी काढली, घरघर सुरू. ड्राय सोल्डर! वरून डाख आरशासारखा चकाकत होता, पण आत पायाला लागलेलाच नव्हता. चूक कुणाची? डाख माझाच, नाकारत नाही. पण त्या एका आयलेटमध्ये (बोर्डावरच्या जोडणीच्या भोकात) पुस्तिकेप्रमाणे चार तारा कोंबायच्या आहेत आणि आयलेट दोनच तारांच्या मापाचं. पाय खरवडून, एक तार बाजूच्या आयलेटला नेऊन पुन्हा डाख दिला. २४० चे ३८ झाले.

भाचा तेव्हा समोर होता. मी टाळीसाठी हात पुढे केला, तर हा म्हणतो, “गेला कुठे? खाली उतरलाय फक्त. आता एक सप्तक खालचा जी आहे, माझ्या बेसच्या जाड तारेवरचा.”

मला आधी त्याचा राग आला, मग लक्षात आलं की तो अगदी बरोबर बोलतोय. बेसवरचा तो जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे आता ऐकू येत होती ती ५० ची, पूर्णपणे वेगळी हमिंग, पहिलीच्या आवाजाखाली इतके दिवस झाकलेली. किट जोडणाऱ्या कुणालाही मी एकच गोष्ट सांगेन ती हीच. ‘हमिंग’ असा एक रोग नसतो. तीन-चार जण एका सुरात ओरडत असतात आणि सगळ्यात मोठ्याला गप्प केल्याशिवाय दुसऱ्याचा आवाज कळत नाही. लोक एक दुरुस्ती करतात, ‘काही फरक नाही’ म्हणतात आणि केलेली चांगली दुरुस्ती उलटवून टाकतात. फरक पडलेला असतो, सूर बदललेला असतो. तो ऐकायचा असतो.

हीटरचं प्रकरण थोडक्यात. या ट्रान्सफॉर्मरच्या ६.३ व्होल्टच्या गुंडाळीला मधली तार नाही आणि पुस्तिका सांगते की एक टोक सरळ चॅसिसला जोडा. जुन्या काळी असं सर्रास करायचे, पण मग हीटरचं एक टोक शून्यावर आणि दुसऱ्यावर पूर्ण ६.३ व्होल्ट नाचताहेत अशी एकतर्फी स्थिती होते आणि नाजूक ग्रिडजवळून (ट्यूबमध्ये सिग्नल जिथे शिरतो त्या जाळीजवळून) जाणारी ती दुसरी तार गुणगुण पेरत जाते. मी चॅसिसची जोडणी तोडली, दोन्ही टोकांना १०० ओहमचा एकेक अर्ध्या वॅटचा रेझिस्टर लावला आणि ते मधे एकत्र केले. आता दोन्ही बाजू समान आणि उलट, एकमेकींना खोडणाऱ्या. तो मधला सांधा ग्राउंडला न नेता ६व्ही६ च्या कॅथोडला, म्हणजे आठ नंबरच्या पिनला नेला. तिथे फुकटचे १९ व्होल्ट डीसी असतात. त्यामुळे १२एएक्स७ चा हीटर तिच्या कॅथोडपेक्षा वर राहतो आणि हीटरकडून कॅथोडकडे जे इलेक्ट्रॉन पळून जायचे ते थांबतात. एवढ्या दोन रेझिस्टरांनी केवढा फरक पडला! हीटरच्या तारा घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, आणि जॅकपासून ग्रिडपर्यंतची साधी वायर काढून शील्डेड टाकली, शील्ड एकाच टोकाला जोडून. ३८ चे २१.

पहिल्या कॅथोडवर बायपास कॅपॅसिटर लावला तर हीटरची उरलीसुरली गळतीही दबते, असं वाचून तोही लावून पाहिला. दबली खरी, पण त्या पायरीचं वर्धन दुप्पट झालं आणि बाकी सगळी घाण दुप्पट मोठ्याने ऐकू येऊ लागली. काढून टाकला.

आता पुस्तिकेची दुसरी चूक, पान ११.

इथवर बटण शून्यावर ठेवून मोजत होते. इनपुटला शॉर्ट केलेला प्लग घालून बटण पूर्ण वर नेलं तर २१ चे ८५. आणि या वेळी आवाज मऊ नव्हता; झर्रर्र असा, धार असलेला, कागदावर माशी अडकल्यासारखा. अकूस्टिक गिटार धरली, पुन्हा १०० चे हेलकावे. पण बटणाबरोबर वाढतोय म्हणजे बटणाच्या आधी शिरतोय. पुरवठ्याचा आवाज इनपुटपाशी कसा?

पान ११ वर ग्राउंडची आकृती आहे आणि खाली वाक्य : ‘प्रत्येक ग्राउंड जवळच्या स्क्रूला जोडा.’ त्याप्रमाणे ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेज गुंडाळीची मधली तार गेली ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टला, आणि पहिल्या फिल्टर कॅपॅसिटरचं निगेटिव्ह गेलं बोर्डाच्या दुसऱ्या टोकाच्या स्क्रूला, इनपुट जॅकच्या बोटभर अंतरावर. दोन्हींच्या मधे सबंध चॅसिस.

माणसाला वाटतं ग्राउंड म्हणजे ग्राउंड, लोखंडाचा पत्रा, शून्य व्होल्ट. पण रेक्टिफायर कॅपॅसिटरला सावकाश भरत नाही. लाटेच्या शेंड्यापाशी अगदी थोडा वेळ दार उघडतं आणि तेवढ्यात सगळा पुरवठा आत ढकलायचा असतो. सरासरी ४५ मिलिअँप असले तरी तो धक्का चार-पाचपट, दोनशे मिलिअँपच्या घरातला. सेकंदाला शंभर वेळा. आणि हा धक्का परत जातो तो चॅसिसमधून, इनपुट जॅकच्या पायाखालून. त्या वाटेत ओहमचा शंभरावा भाग जरी रोध असला तरी दोन मिलिव्होल्ट तयार होतात, आणि हळू छेडलेल्या तारेचा सिग्नल काही मिलिव्होल्टांचाच असतो. पहिली ट्यूब भेदभाव करत नाही. दोन्हींना सुमारे तीसपट करून पुढे पाठवते. मोरीत बादली ओतली की स्वयंपाकघरातल्या जाळीतून गुडगुड येते, कारण खाली पाइप एकच आहे, तसला हा प्रकार.

बोल्टपासून जॅकपर्यंत मोजले, ३.२ मिलिव्होल्ट एसी. बोल्ट उघडून पाहिला तर टॅगच्या खाली रंग तसाच! चॅसिसला छान पावडर कोटिंग आहे, दिसायला सुंदर, आणि वीज बिचारी बोल्टच्या आट्यांमधून वाट काढत होती. रंग खरवडा असं पुस्तिकेत एका शब्दाने नाही.

मी सगळी ग्राउंडं उपटली. एक संध्याकाळ त्यातच गेली. मधली तार आणि पहिल्या कॅपॅसिटरचं निगेटिव्ह आधी एकमेकांना जोडली, बोटाएवढ्या तारेने, मधे चॅसिस न आणता. धक्के आता त्या दोघांतच घुमतात. त्या सांध्यातून पुढे एक तार, तिला ६व्ही६ चा कॅथोड रेझिस्टर आणि स्पीकरचं निगेटिव्ह, मग दुसरा कॅपॅसिटर, मग तिसरा कॅपॅसिटर आणि १२एएक्स७ चं जे जे असेल ते. शेवटी इनपुट जॅकपाशी एकदाच चॅसिसला स्पर्श. मेन्सच्या अर्थची तार वेगळीच, तिचा स्वतःचा बोल्ट, खालचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून. बटण पूर्ण वर, शॉर्ट प्लग : ८५ चे १८. झर्रर्र पार गेलं. बटण शून्यावर १६.

अर्थच्या तारेवरून आठवलं. एका ओळखीच्या वादकाने मला मनापासून सल्ला दिला होता की प्लगमधली अर्थ काढून बघ, हमिंग जाते. कधी कधी जातेही. पण आत साडेतीनशे व्होल्ट आणि मेन्स दोन्ही आहेत, आणि गिटारच्या तारा चॅसिसला जोडलेल्या आहेत, म्हणजे आपली बोटं चॅसिसला जोडलेली आहेत. आत काही सुटून चॅसिसला टेकलं तर फ्यूज उडवणारी तार हीच. ती काढून हमिंग घालवणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून डोकंच काढणं. अर्थला हात लावायचा नाही.

उरलेल्या १६ साठी एक चाचणी केली, ती मला स्वतःला फार आवडली. अँप बंद करून ५वाय३ काढून ठेवली आणि परत चालू केला. रेक्टिफायर नाही म्हणजे हाय व्होल्टेज नाही, ट्यूब मुक्या, अँप मेलेला. तरी स्पीकरवर १२ मिलिव्होल्ट, ५० हर्ट्झचे. हे वायरिंगमधून येणं शक्यच नाही. पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र हवेतून थेट आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतंय. (६व्ही६ काढूनही असंच काही कळतं, पण मग पुरवठ्याचा लोडच जातो आणि ते मघाचे ४५८ व्होल्ट कायमचे राहतात. ४५० च्या कॅपॅसिटरांना तो छळ नको.) या किटमध्ये दोन्ही ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी आणि गाभे एकमेकांना समांतर आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू काढून तो हातात धरून हळूहळू फिरवला आणि मीटर बघत राहिले. काटकोनाच्या जवळपास आकडा २ वर आला. तिथे खूण केली, दोन नवी भोकं पाडली. चॅसिसला भोकं पाडताना वाईट वाटलं, इतका सुबक तो. ५वाय३ परत बसवली : १०.

शेवटी दुसरा आणि तिसरा कॅपॅसिटर बदलून २२ मायक्रोफॅरडचे, ५०० व्होल्टचे टाकले. पहिलाही ५०० व्होल्टचा आणला, पण १६ चाच. तो वाढवायचा मोह होतो, कारण उरलेला रिपल तिथलाच आहे. पण ५वाय३ ला समोर मोठा कॅपॅसिटर दिला की भरण्याचे धक्के तिला सोसत नाहीत. ब्लीडरला आता अर्ध्याऐवजी एक मिनिट लागतं, तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि ७. इथे थांबले. यातला बहुतेक भाग त्या पहिल्या कॅपॅसिटरवरच्या सहा-सात व्होल्टांचा. पुश-पुल अँपमध्ये दोन ट्यूब आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन बाजूंनी ओढतात, त्यामुळे पुरवठ्याचा रिपल दोन्हीकडून येऊन खोडला जातो. इथे एकच ट्यूब, खोडायला समोर कुणी नाही. ६व्ही६ चा स्वतःचा अंतर्गत रोध पन्नास हजार ओहमच्या आसपास असल्यामुळे रिपलचा सातवा-आठवा हिस्साच प्रायमरीवर पडतो, ही तिची कृपा. चोक (रिपल अडवणारी तारेची गुंडाळी) घातला तर हेही जाईल, पण चॅसिसवर जागा नाही. पूर्ण पाच वॅटला स्पीकरवर साडेचार व्होल्ट असतात. त्यापुढे सात मिलिव्होल्ट म्हणजे ५६ डेसिबल खाली. स्पीकरच्या जाळीला कान लावला की ऐकू येतं, खुर्चीत बसलं की नाही. सिंगल एंडेड म्हटलं की असते ती हमिंग ही एवढी.

गिटार जोडल्यावर सिंगल कॉइल पिकअप जी गुणगुण आणतो ती अँपची नाही, तिचा राग किटवर काढू नये. गिटारचा व्हॉल्यूम शून्य केला आणि गेली तर ती गिटारची.

आवाजाबद्दल लिहायचं राहिलंच. बटण अर्ध्याच्या खाली असेल तर स्वच्छ, जरा घंटेसारखा. वर गेलं की कडा तुटायला लागतात आणि जोरात छेडलं तर ट्यूब दबून परत वर येते, तो दम घेतल्यासारखा आवाज मला याच अँपमध्ये पहिल्यांदा हाताखाली जाणवला. भाच्याने बेस लावून पाहिला. आठ इंची स्पीकरला तो झेपत नाही, लावू नये.

पाचपैकी अडीच तारे. ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, चॅसिस यांच्यासाठी चार दिले असते, पुस्तिकेसाठी एक देते, आणि ४५० व्होल्टच्या कॅपॅसिटरांमुळे सरासरीला वर सरकवायची इच्छा होत नाही. ज्यांना जोडायचं आणि लगेच वाजवायचं आहे त्यांनी हे घेऊ नये. ज्यांच्याकडे मीटर आहे, थोडा धीर आहे आणि हाय व्होल्टेजची धास्ती शिल्लक आहे, त्यांनी जरूर घ्यावं. सोबत ५०० व्होल्टचे तीन कॅपॅसिटर, १०० ओहमचे दोन रेझिस्टर, २२० हजारचा एक, हातभर शील्डेड वायर आणि रंग खरवडायला सँडपेपर आधीच आणून ठेवावा. पुस्तिकेतलं पान ११ फाडून काढा. त्याची मागची बाजू कोरी आहे. माझ्या पानावर तिथे आता २४०, ३८, २१, १६, १०, ७ असे आकडे एकाखाली एक लिहिलेले आहेत.